राजाश्रय, नोकरी आणि करार : खालिद जमील यांच्या निमित्ताने प्रशिक्षकाच्या पेशाचा विचार

१. विषय आणि त्याची व्याप्ती

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची निवड जाहीर केली, तेव्हा गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद एका भारतीय प्रशिक्षकाकडे आले. अंतिम यादीत त्यांच्यासोबत स्टीफन कॉन्स्टन्टाइन आणि स्टेफान तार्कोविच ही नावे होती. त्यांपैकी पहिल्याने भारतीय संघाला पूर्वी दोनदा प्रशिक्षण दिले होते, तर दुसरा स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचा माजी प्रशिक्षक होता. अशा दोन परदेशी उमेदवारांना मागे टाकून निवडला गेलेला हा प्रशिक्षक खेळाडू म्हणून मुंबईत वाढला होता आणि प्रशिक्षकीचे पहिले धडेही त्याने मुंबईतच गिरवले होते, ही गोष्ट मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय जमील यांची कारकीर्द हा असला, तरी ती एका व्यक्तीची यशोगाथा म्हणून सांगण्याचा येथे हेतू नाही. खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो, त्यासाठी लागणारा काळ त्याला कोण मिळवून देतो आणि त्या काळात येणाऱ्या अपयशाचा भार कोण सोसतो, या तीन प्रश्नांच्या अंगाने ती कारकीर्द तपासायची आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून राष्ट्रीय फुटबॉल साखळीत खेळणारा संघ आजवर उभा राहिलेला नाही, हे खरे; तथापि हे तिन्ही प्रश्न या जिल्ह्यांना मुळीच नवे नाहीत. कृष्णा-वारणेच्या काठावरील कुस्तीने त्यांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या शोधली आहेत, आणि ती उत्तरे समोर ठेवल्याशिवाय मुंबईच्या एका फुटबॉल प्रशिक्षकाची वाटचाल नीट उलगडत नाही.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातील खेळाडूला पोसणाऱ्या व्यवस्था मुख्यतः तीन झाल्या : राजाश्रय, नोकरी आणि करार. राजाश्रय म्हणजे संस्थानिकाने किंवा धनवंताने खेळाडूचा आणि त्याच्या गुरूचा योगक्षेम चालवणे. नोकरी म्हणजे पोलीस, रेल्वे, बँक वा कारखाना यांनी खेळाडूला कायम पगारावर घेऊन त्याच्याकडून स्पर्धा खेळवणे. आणि करार म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मोबदल्यात, फक्त खेळासाठी केलेली नेमणूक. तिन्ही व्यवस्थांनी उत्तम खेळाडू दिले. प्रशिक्षक घडवण्याचे सामर्थ्य मात्र तिन्हींत सारखे नव्हते, आणि जमील यांची कारकीर्द दुसऱ्या व्यवस्थेतून तिसरीत जाणाऱ्या उंबरठ्यावर घडल्यामुळे हा फरक तिच्यात स्पष्ट दिसतो, असे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

२. वस्ताद : राजाश्रयातील प्रशिक्षक

दक्षिण महाराष्ट्रात प्रशिक्षकाला वस्ताद म्हणतात. वस्ताद हा बहुधा स्वतः कुस्ती खेळलेला मल्ल असतो. मैदानातील उमेद संपली की तो त्याच तालमीत शिकवू लागतो आणि पठ्ठ्यांचा व्यायाम, खुराक, झोप, वागणूक आणि कुस्त्यांची निवड या सर्वांवर त्याची नजर राहते. कोणत्या पठ्ठ्याला कोणत्या जोडीशी केव्हा लढवायचे, हा निर्णय त्याच्या कौशल्याचा गाभा होय; कारण वेळेआधी मोठ्या जोडीला भिडवलेला मल्ल मनाने खचतो आणि वेळ टळून गेल्यावर भिडवलेला मल्ल शरीराने उतरणीला लागलेला असतो. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले, त्यामुळे सातारा-सांगलीच्या खेड्यांतील होतकरू मुलांची पावले कोल्हापूरच्या तालमींकडे वळली व ती रीत संस्थान गेल्यावरही चालू राहिली.

या रीतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील पुनवत गावचे गणपतराव आंदळकर. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळवले, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखालची पकड निषिद्ध असते, तर मुक्त शैलीत पायांवरील डावांना मुभा असते. लाल मातीतून आलेल्या मल्लाने दोन्ही प्रकारांत पदक मिळवणे हे शिकण्याच्या असाधारण तयारीचे लक्षण होते. जकार्तातच सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनीही मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. आंदळकरांनी पुढील आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून घालवले, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा कुस्तीच्या वर्तुळात त्यांच्या पदकांइतकाच त्यांच्या पठ्ठ्यांचा उल्लेख झाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वस्तादाच्या मुदतीची आहे. वस्तादाला हंगामाच्या अखेरीस कोणी पदावरून दूर करीत नाही; एखाद्या वर्षी त्याचा एकही पठ्ठा मोठी कुस्ती मारू शकला नाही, तरी तालीम त्याचीच राहते. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलावर आठ-दहा वर्षे मेहनत घेण्याचे धाडस तो करू शकतो. या व्यवस्थेचे दोषही उघड होते : ज्ञान तोंडी राही, वस्तादाच्या चुकीला दाद नसे आणि आश्रयदात्याची मर्जी हाच अखेरचा आधार असे. परंतु शिकवणाऱ्याला शिकण्यापुरता वेळ देणे ही गोष्ट तिने निश्चित साधली होती.

३. नोकरी : स्थैर्य खेळाडूला, शिकवणाऱ्याला नव्हे

राजाश्रयाकडून नोकरीकडे झालेले स्थित्यंतर एकाच मल्लाच्या दोन ऑलिंपिक प्रवासांतून दिसते. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५२ च्या हेलसिंकी प्रवासासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली, तसेच राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यानंतर १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि त्यांचे उरलेले सेवाआयुष्य पोलीस दलातच गेले.

खाशाबांना पगार मिळाला, पण त्यांच्याभोवती तालीम उभी राहिली नाही. लंडनला सहावे आणि हेलसिंकीला तिसरे येण्याच्या दरम्यान गादीवरच्या कुस्तीविषयी त्यांनी जे कमावले, ते पुढच्या पिढीला पद्धतशीर मिळावे अशी रचना त्या काळच्या क्रीडाव्यवस्थेत नव्हती. नोकरीने खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवली. त्याच्या ज्ञानाचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला मात्र तिच्या नियमपुस्तकात रकाना नव्हता.

मुंबईच्या फुटबॉलमध्ये हीच व्यवस्था कंपनी-संघांच्या रूपाने नांदत होती. महिंद्र, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, बँका आणि पश्चिम रेल्वे यांचे संघ कूपरेजच्या मैदानावर खेळत. खेळाडू सकाळी सराव करीत, दुपारी कचेरीत हजेरी लावीत आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनाचे हक्कदार होत. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि या व्यवस्थेला तडा जाऊ लागला, कारण संपूर्ण हंगाम देशभर फिरून खेळणे आणि कचेरीतील नोकरी करणे ही दोन कामे एका माणसाने एकाच वेळी करणे उत्तरोत्तर अवघड होत गेले.

४. मध्यरक्षक जमील

खालिद जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये भारतीय कुटुंबात झाला. आखाती युद्धानंतर ते भारतात आले, मुंबईत स्थिरावले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या वरिष्ठ फुटबॉलमध्ये दाखल झाले. महिंद्र व एअर इंडिया हे त्यांचे प्रमुख संघ. ते मध्यफळीत खेळत. बचावफळीकडून आलेला चेंडू आक्रमकांपर्यंत पोहोचवणे आणि चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे अशी दुहेरी जबाबदारी मध्यफळीवर असते. त्यामुळे संपूर्ण मैदानाचा अंदाज घेण्याची सवय या जागी खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडते. जमील भारतीय संघाकडूनही खेळले. परंतु त्यांच्या खेळाची उत्तम वर्षे दुखापतींनी खाल्ली, आणि महिंद्र युनायटेडमधील दुसऱ्या कालखंडात ते संघात असूनही अनेकदा मैदानाबाहेरच राहिले.

महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. परेरा स्वतः साळगावकर संघाचे आणि भारताचे माजी बचावपटू. पुढे त्यांनी पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या स्पर्धेत, दुसऱ्या स्थानापर्यंत नेले. खेळातून प्रशिक्षणाकडे वळलेल्या गोमंतकीयांची परंपरा मोठी आहे. धेंपो संघाला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे आर्मांदो कुलासो, साळगावकरचे मध्यरक्षक आणि नंतर राष्ट्रीय प्रशिक्षक झालेले सावियो मेदेरा, आणि २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून देणारे क्लिफर्ड मिरांडा ही त्यांतील प्रमुख नावे. यांतील कुलासो यांची खेळाडू म्हणून ख्याती बेताचीच होती, तर मेदेरा भारताकडून खेळले होते. जागतिक फुटबॉलमध्येही इटलीचे आरिगो साक्की व्यावसायिक पातळीवर न खेळता युरोपातील सर्वोच्च विजेतेपदापर्यंत पोहोचले. खेळाडूची कीर्ती आणि प्रशिक्षकाचे कौशल्य यांचा संबंध सरळ नसतो, एवढे यावरून म्हणता येते.

प्रशिक्षणासाठी लागणारी पात्रता आता परवान्यांच्या रूपाने ठरलेली आहे. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची उतरंड डी, सी, बी, ए आणि प्रो अशी असून लहान मुलांना चेंडूची ओळख करून देण्यापासून व्यावसायिक संघाचे संपूर्ण वर्ष आखण्यापर्यंतची जबाबदारी तिच्यात पायरीपायरीने वाढत जाते. जमील यांच्याकडे सर्वोच्च म्हणजे प्रो परवाना आहे. परवाना प्रशिक्षकाला पात्र ठरवतो. तथापि पात्र माणसाला चुका करण्यास आणि त्या दुरुस्त करण्यास पुरेसा अवधी मिळेलच, याची हमी परवान्यात नसते.

५. मुंबई एफसीतील सात हंगाम

हा अवधी जमील यांना मुंबई एफसीने दिला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या संघात ते खेळाडू म्हणून आले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या डेव्हिड बूथ यांच्यानंतर त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. पुढे २०१६ पर्यंत ते या पदावर राहिले. भारतीय व्यावसायिक फुटबॉलमध्ये एका प्रशिक्षकाने एका संघाबरोबर सलग सात हंगाम काढणे ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि या सात हंगामांत मुंबई एफसीने एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले नाही, हे ध्यानात घेतले की ती अधिकच दुर्मिळ ठरते.

या काळात संघापुढचे काम एकच होते : पदावनती टाळणे. पदावनती म्हणजे गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेल्या संघाला पुढील हंगामात खालच्या श्रेणीत ढकलणे. असा संघ प्रायोजक, खेळाडू आणि प्रेक्षक या तिघांनाही मुकतो. मोहन बागान, ईस्ट बंगाल, धेंपो, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या संघांच्या तुलनेत मुंबई एफसीचा खर्च मर्यादित होता. अशा संघाने बरोबरीच्या खेळात मोठ्या संघाशी दोन हात करणे म्हणजे पराभव ओढवून घेणे, हे ओळखून जमील यांनी आधी बचाव बांधला : दोन फळ्यांतील अंतर कमी ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या कडेने खेळायला लावायचे, चेंडू हाती येताच तो लांब फटक्याने पुढे पोहोचवायचा, आणि कॉर्नर, फ्री किक किंवा लांब थ्रो यांसारख्या थांबलेल्या चेंडूवरच्या संधींचा फायदा उठवायचा. या पद्धतीला प्रतिहल्ल्याचा खेळ म्हणतात. प्रतिस्पर्धी पुढे सरसावल्यामुळे त्याच्या पाठीमागे जी जागा मोकळी होते, तिचा लाभ घेणे हे तिचे मर्म होय.

हा खेळ देखणा नव्हे, अशी टीका जमील यांच्यावर तेव्हाही झाली आणि नंतरही होत राहिली. ती टीका निराधार नाही. लांब फटक्यांवर विसंबणारा संघ चेंडू ताब्यात ठेवण्याची सवय गमावतो आणि एका गोलने मागे पडला की त्याची कोंडी होते. परंतु संघ वरच्या श्रेणीत टिकला, आणि टिकल्यामुळेच मुंबईतील तरुण खेळाडूंना राष्ट्रीय पातळीवर खेळायला मिळत राहिले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे या काळात मुंबई एफसीकडून खेळलेले खेळाडू पुढे जमील यांच्या सर्वांत मोठ्या यशात सहभागी झाले. तालमीच्या भाषेत सांगायचे तर जमील यांनी पठ्ठ्यांना आपल्या तोलाच्या जोडीशी लढवले आणि त्यांची ताकद पुरी होईपर्यंत त्यांना राखले.

६. ऐजॉलचा हंगाम

२०१६ मध्ये जमील मुंबई एफसीतून बाहेर पडून मिझोरममधील ऐजॉल एफसीकडे गेले. ऐजॉल २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघांत आठवा आला होता. नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा संघ थेट प्रवेशाच्या अटींनुसार पदावनतीपासून मुक्त असल्याने ती पाळी ऐजॉलवर आली. पुढे गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर ऐजॉलला परत घेण्यात आले. या पार्श्वभूमीमुळे पुढील यशाला चमत्काराचे रूप देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण त्याच २०१६ मध्ये ऐजॉलने फेडरेशन कपची अंतिम फेरी गाठली होती. म्हणजे संघात गुणवत्ता होती, आणि मिझोरममध्ये फुटबॉल गावोगावी रुजलेला होता.

जमील यांनी या गुणवत्तेला बाहेरची जोड दिली. मुंबईहून राणे व मेहता आले, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स आला, सीरियाचा महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान यांनी मध्यफळी सांभाळली, आणि वेगवान मिझो तरुणांनी कडा धरल्या. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलमधील सामन्यात झोमिंगलियाना राल्टे याच्या गोलमुळे मोहन बागानचा १-० असा पराभव झाला, आणि ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे लाजाँगविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात केवळ बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच एक गोल स्वीकारलेल्या ऐजॉलला विल्यम लालनुनफेला याने उत्तरार्धात बरोबरी साधून दिली. १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून, ईशान्य भारतातील संघाने प्रथमच देशाची लीग जिंकली.

ज्या बचावाच्या शिस्तीने मुंबई एफसीला वरच्या श्रेणीत टिकवून ठेवले होते, तीच शिस्त वेगवान खेळाडू मिळताच विजेतेपदाची झाली, हा या हंगामाचा खरा अर्थ आहे. त्यासाठी नवे तत्त्व लागले नाही. जुन्याच तत्त्वाला अनुरूप माणसे लागली. आणि ते तत्त्व पक्के व्हायला आधीचे सात विनाविजेतेपद हंगाम कारणी लागले होते. ते हंगाम वजा केले, तर ऐजॉलचे वर्ष अनाकलनीय ठरते.

७. कराराच्या युगातील येरझारा

यानंतरची वर्षे कराराच्या व्यवस्थेचा स्वभाव दाखवतात. ईस्ट बंगालने २०१७ मध्ये जमील यांना घेतले. कोलकाता लीग जिंकूनही राष्ट्रीय लीगमध्ये संघ चौथा आल्यावर तो संबंध एका हंगामापुरता उरला. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने त्यांना आणले आणि हंगाम संपताच वेगळा मार्ग धरला. दरम्यान २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने भारतीय फुटबॉलचा पैसा आणि प्रकाश आपल्याकडे खेचला होता. तेथे मुख्य प्रशिक्षक बहुधा परदेशी आणि भारतीय माणूस त्याचा सहायक, अशी वाटणी रूढ झाली होती.

जमील यांनी ही सहायकपदाची पायरी स्वीकारली. नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारी २०२१ मध्ये स्पेनचे जेरार्ड नूस यांना दूर केले, तेव्हा जमील अंतरिम प्रशिक्षक झाले; अंतरिम म्हणजे कायम नेमणूक होईपर्यंत कारभार पाहणारा. त्या वेळी साखळीतील ११ सामन्यांतून संघाचे १२ गुण होते. उरलेल्या ९ सामन्यांत एकही पराभव न होता २१ गुण आले, संघ उपांत्य फेरीत पोहोचला, आणि सुपर लीगच्या संघाला बाद फेरीत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. त्यानंतर त्यांना कायम करण्यात आले. तोही मान त्या लीगमध्ये प्रथमच एका भारतीयाला मिळाला. परंतु पुढच्याच हंगामात संघ अकरांत दहावा आला आणि ती नेमणूक संपली. एकच माणूस, एकच संघ, एकच पद्धत. फळ मात्र दोन वर्षांत दोन टोकांचे. प्रशिक्षकाचे मूल्यमापन एका हंगामावर करणे किती फसवे असते, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

पुढे बंगळुरू युनायटेड या खालच्या श्रेणीतील संघाचे काम त्यांनी पत्करले, आणि २०२३-२४ च्या हंगामाच्या मध्यास जमशेदपूर एफसीने त्यांना बोलावले. २०२४-२५ मध्ये जमशेदपूरने ३८ गुणांसह पाचवे स्थान मिळवले, बाद फेरीत नॉर्थईस्टला हरवले, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मोहन बागानवर २-१ अशी मात केली आणि दुसऱ्या सामन्यातील ०-२ च्या पराभवाने हा संघ स्पर्धेबाहेर गेला. सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्याला गोव्याकडून हार पत्करावी लागली. महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे जमील यांना सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षक म्हणून गौरवले.

या काळात महाराष्ट्रात काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एअर इंडिया २०१३ मध्ये राष्ट्रीय लीगबाहेर गेला, पुण्याचा भारत एफसी एका हंगामापुरता जगला, पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी एकामागून एक मिटले, आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. मुंबई सिटी एफसी तेवढा उरला आणि भरभराटीला आला. प्रत्येक बंद संघासोबत खेळाडूंचे करार संपले, ते दुसरीकडे जाऊ शकले. पण सात-आठ वर्षे तग धरून प्रशिक्षक घडवू शकेल अशी जागाही नाहीशी झाली. जमील ज्या भट्टीतून निघाले, ती भट्टी आज महाराष्ट्रात पेटलेली नाही.

८. राष्ट्रीय संघाची कसोटी

राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम क्लबच्या प्रशिक्षकाहून वेगळे असते. क्लबमध्ये खेळाडू रोज हाताखाली असतात. राष्ट्रीय संघात ते वर्षातून मोजके दिवस एकत्र येतात, त्यामुळे घडवण्यापेक्षा निवडणे आणि जुळवणे महत्त्वाचे ठरते. जमील यांनी दोन वर्षांच्या कराराने सूत्रे हाती घेतली, तेव्हा सुपर लीगचा पुढील हंगाम व्यापारी हक्कांच्या वादात अडकला होता, आणि पहिल्याच शिबिरासाठी सर्व क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत. तरीही मध्य आशियातील काफा नेशन्स कपमध्ये भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवले, इराणकडून ०-३ ने हार खाल्ली, अफगाणिस्तानशी बरोबरी केली, आणि तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात ओमानला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ३-२ ने नमवले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र चित्र पालटले. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरला जाऊन १-१ अशी बरोबरी साधल्यावर मडगाव येथील सामन्यात भारत १-२ ने हरला आणि २०२७ च्या स्पर्धेची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने मात केली. पात्रता फेरीतील आधीच्या सामन्यांत गमावलेले गुण जमील यांच्या खात्यावरचे नव्हते. परंतु घरच्या मैदानावर आघाडी घेऊनही ती राखता आली नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर येतेच. पुढे सरसावून जिंकणे भाग असते, तेव्हा आधी बचाव बांधणारी पद्धत अपुरी पडते, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप या पराभवाने अधिक धारदार झाला.

९. सातारा-सांगलीसाठी निष्कर्ष

या कारकिर्दीवरून दक्षिण महाराष्ट्राने कोणता बोध घ्यावा, हा प्रश्न शेवटी उरतो. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो तालमींच्याच अंगणात. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार या नावांच्या तालीम मंडळांचे संघ आजही शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. कुस्तीसाठी निर्माण झालेली संस्था दुसऱ्या खेळाला आधार देऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. कृष्णाकाठच्या गावांत तालमींची कमतरता नाही. कमतरता आहे ती तालमीच्या स्थैर्याला परवान्याच्या ज्ञानाची जोड देण्याची.

ही जोड शक्य आहे, याचा पुरावा साताऱ्यातच मिळतो. पोलीस दलात नोकरी करणारे माजी तिरंदाज प्रवीण सावंत यांनी साताऱ्यात उसाच्या शेतालगत तिरंदाजीचे प्रशिक्षण सुरू केले. त्यांच्याकडे शिकलेली सातारा जिल्ह्यातील आदिती स्वामी आणि नागपूरहून शिकायला आलेला ओजस देवतळे हे दोघे ५ ऑगस्ट २०२३ रोजी, एकाच दिवशी, बर्लिन येथे कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक जागतिक विजेते झाले. आदिती तेव्हा १७ वर्षांची होती. खाशाबांच्या वाट्याला पोलीस दलाची जी नोकरी आली, तीच येथे आधार झाली; फरक एवढाच, की या वेळी त्या नोकरीच्या आधाराने खेळाडूच्या ज्ञानाला शिकवण्याची जागा मिळाली.

तेव्हा जिल्ह्याच्या क्रीडाविकासाचा हिशोब मैदाने, गणवेश आणि स्पर्धांची बक्षिसे एवढ्यावर थांबता कामा नये. खेळ संपवून परतणाऱ्या तिशीतल्या खेळाडूला परवान्याच्या अभ्यासक्रमाचा खर्च देणे, त्याला शाळेत, तालमीत वा जिल्हा संघात किमान सहा-सात वर्षांची नेमणूक देणे, आणि त्या मुदतीत त्याचे मोजमाप करंडकांवर न करता त्याच्या हाताखालील मुले वरच्या पातळीवर किती गेली यावर करणे, ही तीन कामे साखर कारखाने, शिक्षणसंस्था, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या आवाक्यातील आहेत. राजाश्रय परत येणार नाही आणि येऊही नये. नोकऱ्या आटत चालल्या आहेत. करार ही यापुढची रीत आहे. पण कराराची मुदत किती ठेवायची आणि त्यात यशाची व्याख्या काय लिहायची, हे करार करणाऱ्याच्या हाती असते. मुंबई एफसीने विजेतेपदाविना सात वर्षे थांबण्याची तयारी ठेवली, आणि त्या तयारीचा लाभ पुढे मिझोरमला, झारखंडला आणि राष्ट्रीय संघाला झाला. सातारा आणि सांगली यांनी तेवढी तयारी आपल्या एखाद्या प्रशिक्षकासाठी ठेवली, तर तिचा पहिला लाभ त्यांच्याच मुलांना होईल.